हृदय दुबळे कशाने झाले?

“डॉक्टर, इको झाला, अँजिओग्राफीही झाली. रक्तवाहिन्यांत अडथळा नाही म्हणाले. मग आता हा हृदयाचा एमआरआय कशाला?” हा प्रश्न अलीकडे मला वारंवार विचारला जातो. बहुधा मुलगी किंवा सून विचारते, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेले वडील काही न बोलता माझ्याकडे पाहत असतात. प्रश्न अगदी रास्त आहे. ही तपासणी स्वस्त नाही. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेकांना तिच्यासाठी मुंबई किंवा नवी मुंबई गाठावी लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पाऊण-एक तास बोगद्यासारख्या यंत्रात निजवायचे, हेही सोपे नाही. तेव्हा ती कोणाला आवश्यक आहे आणि कोणाला नाही, हे घरच्या माणसांनी समजून घेतलेले बरे.

प्रथम आजाराच्या नावाविषयी. ‘हार्ट फेल्युअर’ हा शब्द ऐकून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. हृदय बंद पडले किंवा आज-उद्या पडणार, असा त्याचा अर्थ नाही. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याचे काम हृदयाला पुरेसे जमत नाही, अथवा ते जमवण्यासाठी त्याच्यावर फार ताण येतो, एवढाच त्याचा अर्थ. परिणामी फुप्फुसांत आणि पायांत पाणी साचते. पूर्वी एका उशीवर झोपणारे आजोबा आता तीन उशा मागतात, रात्री दम लागून उठून बसतात, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुततो. ही लक्षणे तुम्ही घरीच ओळखू शकता.

दुसरा गैरसमज इकोच्या कागदावरील आकड्याचा. तेथे ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ असे लिहिलेले असते आणि नातेवाईक म्हणतात, “म्हणजे ४० टक्के हृदय गेले!” तसे मुळीच नाही. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातील किती भाग एका ठोक्यात बाहेर टाकला जातो, त्याचा तो आकडा आहे. निरोगी माणसातही तो १०० नसतो. साधारण ५५ ते ७० असतो. साठ हा उत्तम आकडा आहे. तो ४० च्या खाली गेला की हृदयस्नायू दुबळा झाला, असे आम्ही म्हणतो.

येथवरचे काम इको चांगले करतो. हृदयाची ताकद, झडपांची अवस्था, भिंतींची जाडी हे सारे तो वीस मिनिटांत दाखवतो, आणि आता ही सोय तालुक्याच्या गावीही होऊ लागली आहे. म्हणून पहिली तपासणी इकोचीच. पण स्नायू दुबळा का झाला, याचे उत्तर देताना इको अनेकदा अडखळतो. कौलारू घराचा वासा वाकला आहे हे खालून पाहणाऱ्यालाही कळते. तो वाळवीने पोखरला, पावसाच्या गळतीने कुजला, की मुळात लाकूडच कच्चे होते, हे कळायला लाकडाच्या आत पाहावे लागते. उपाय तर त्यावरच ठरतो. हृदयस्नायूच्या आत, छातीला छेद न देता पाहण्याचे आज उपलब्ध असलेले सर्वांत चांगले साधन म्हणजे एमआरआय. त्याचे मोल या एका प्रश्नापुरते आहे: दुबळेपणा कशाने आला?

हे यंत्र चुंबकाचे आहे, आणि चुंबकाशी अलिबागकरांचा संबंध जुना आहे. समुद्रालगतची चुंबकीय वेधशाळा आपण निदान बाहेरून तरी पाहिली असेल. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला घेतल्या जात. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नाजूक नोंदी बिघडतील म्हणून दूरची, शांत जागा शोधण्यात आली आणि १९०४ पासून अलिबागेत नोंदी सुरू झाल्या. नानाभाई मूस त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते. ज्या चुंबकत्वाला तेथे इतके जपले जाते, ते सुमारे ०.००००४ टेस्ला इतके क्षीण आहे. हृदयाच्या एमआरआयसाठी सामान्यतः वापरले जाणारे यंत्र १.५ टेस्लाचे असते, म्हणजे ३०,००० पटींहूनही प्रबळ. आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. त्या हायड्रोजनचे अणुगर्भ या प्रबळ क्षेत्रात एका दिशेने रांग धरू लागतात. त्यांना रेडिओलहरींनी किंचित ढळवायचे आणि पूर्वस्थितीवर येताना ते जो संकेत सोडतात तो टिपायचा, ही यामागील युक्ती. या संकेतांतून चित्र घडवण्याची रीत शोधल्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरण येथे वापरले जात नाहीत. त्यामुळे ‘किरणांनी कर्करोग होईल’ ही भीती या तपासणीपुरती मनातून काढून टाका.

खरी माहिती मात्र तपासणीच्या उत्तरार्धात मिळते. शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे संयुग असलेले औषध देतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतात. निरोगी स्नायूतून हे औषध एव्हाना बरेचसे निघून गेलेले असते. जेथे स्नायू मरून त्या जागी वण झाला आहे, तेथे ते रेंगाळते. चित्रात निरोगी स्नायू काळा आणि वण पांढरा दिसतो. हा पांढरा डाग भिंतीच्या कोणत्या थरात आहे, यावरून रोगाचा माग लागतो.

रक्तवाहिनी तुंबून झटका आलेला असेल, तर वण भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो आणि बाहेर पसरत जातो. मधुमेही माणसाला असा झटका कधीकधी न दुखताच येऊन गेलेला असतो. घरात कोणाला पत्ताही नसतो. वण भिंतीच्या किती जाडीत शिरला आहे हे पाहून, बायपास केल्यास त्या भागाला पुन्हा बळ येण्याची आशा कितपत आहे, याचा अंदाज हृदयरोगतज्ज्ञ बांधतात. विषाणूमुळे स्नायूला सूज आली असेल, तर डाग बहुधा बाहेरच्या थरात असतो आणि आतला थर सुटलेला असतो. भिंतीच्या मधोमध रेघेसारखा वण असेल, तर मूळ स्नायूचाच आजार असण्याची शंका येते. काही चित्रे पाहून आमच्या देशात क्षयाचाही विचार करावा लागतो, कारण क्षय क्वचित हृदयाच्या स्नायूतही घर करतो. सार्कॉइड नावाचा आजार तसाच दिसतो आणि त्याचे उपचार निराळे असतात. तेथे केवळ चित्रावर निर्णय न घेता गाठीचा तुकडा तपासावा लागतो.

वृद्धांच्या बाबतीत एक आजार मी मुद्दाम सांगतो, कारण तो वयाच्या नावाखाली झाकला जातो. यकृतात तयार होणारे एक प्रथिन उतारवयात काहींच्या हृदयात साठू लागते. त्याला अमायलॉइड म्हणतात. भिंती जाड होतात, ताठ होतात. इकोवर जाडी दिसते आणि ‘जुन्या रक्तदाबाचा परिणाम’ असा शेरा पडतो. पण काही गोष्टी जुळत नाहीत. भिंत जाड असूनही ईसीजीच्या रेषा लहानखुऱ्या असतात. वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाचा दाब आपोआप उतरू लागतो आणि उभे राहिले की चक्कर येते. काही वर्षांपूर्वी दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या येऊन मनगटाची शस्त्रक्रिया झालेली असते. हात आणि हृदय यांचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून अशी शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना आपणहून सांगा. एमआरआयमध्ये अशा हृदयाची बरीचशी भिंत औषध शोषून घेताना दिसते. पुढे रक्त-लघवीच्या तपासण्या आणि हाडांचा एक विशिष्ट स्कॅन करून प्रकार निश्चित करतात. याचाच दुसरा प्रकार रक्तपेशींच्या विकारातून येतो. त्यात आठवडे वाया घालवून चालत नाही, रक्तविकारतज्ज्ञांकडे तातडीने जावे लागते. यासाठी ‘आता वय झाले’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. वय हे निदान नाही.

आणखी एक आजार असा, की तपासणी आजोबांची होते आणि उपयोग नातवाला होतो. मुरूडकडील एक वयस्क तांडेल माझ्याकडे रक्तदाब तपासायला येत. दाब कधीच फारसा वाढलेला नसे, तरी शिबिरातील इकोत भिंत जाड आढळली आणि पुढे दम वाढत गेला. एमआरआयमध्ये दोन कप्प्यांमधला पडदा एका बाजूने फार जाड, आणि त्याच जाड भागात वण, असे दिसले. हा रक्तदाबाचा परिणाम नव्हता. हा जन्मजात ठेवणीतून येणारा, भिंती जाड करणारा स्नायूचा आजार होता. तज्ज्ञांनी लिहिले: मुले व भावंडे यांचा ईसीजी आणि इको करावा. घरात कोणालाच ते पटले नाही. “आम्हाला काय झाले आहे?” धाकटा मुलगा तर होडीवरचा सर्वांत दणकट गडी. त्याच्या बायकोने मात्र हळूच सांगितले, की जाळे ओढताना तो दोनदा भोवळ येऊन पडला होता; ऊन लागले म्हणून सर्वांनी सोडून दिले होते. त्याच्या इकोत तेच सापडले. या आजारात ऐन श्रमाच्या वेळी शुद्ध हरपणे हे धोक्याचे लक्षण मानतात. किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर, खोल समुद्रात ते तिसऱ्यांदा झाले असते, तर काय झाले असते हे मी त्या कुटुंबाला सांगितले नाही. त्यांना ते ठाऊक होते. आता त्याच्या छातीत त्वचेखाली शॉक देणारे यंत्र बसवले आहे, आणि तो बोटीवर न जाता बंदरावर हिशेब पाहतो. नाखूष आहे, पण आहे.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ समजू नये. २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांमध्ये हृदयस्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरे गळालेली आढळली, आणि असे लोक स्नायूच्या आजारांना अधिक बळी पडतात असे दिसले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. पुढील अभ्यासांतून हेही स्पष्ट झाले, की हा दोष असलेल्या सर्वांचा धोका सारखा नसतो. अनेक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. म्हणून ऊठसूट जनुकांची तपासणी करू नका. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल, तर ती गोष्ट मात्र डॉक्टरांपासून लपवू नका. तसेच दारूची. माडी असो की बाटली, वर्षानुवर्षांच्या पिण्याने हृदय फुगते, आणि पिणे पूर्ण थांबवल्यास ते पुष्कळदा सावरतेही. पण वणाच्या डागावर दारूचे नाव लिहिलेले नसते. ते तुम्हीच सांगायचे असते, आणि बायको खोलीबाहेर गेल्यावर नव्हे, आधीच.

आता, कोणाला ही तपासणी नको? हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट नोंदलेला आहे, इकोत त्याच जागेचा स्नायू हलत नाही, औषधे लागू पडत आहेत, तर बहुधा नको. रक्त फार कमी आहे किंवा थायरॉइड बिघडले आहे, तर आधी ते दुरुस्त करा. पंच्याऐंशीच्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, कोणतेही निदान झाले तरी देण्याचे औषध तेच राहणार आहे, तर त्यांना वडखळच्या रस्त्याने मुंबईला नेऊन काय साधणार? तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे एकच विचारा: “या तपासणीनंतर उपचारात काय बदलेल?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. “स्टेंटचा निर्णय”, “शॉक-यंत्राचा निर्णय”, “मुलांना तपासायचे की नाही ते” असे नेमके उत्तर मिळाले, तर जा. “सगळे एकदा बघून घेऊ” असे मिळाले, तर परत माझ्यासारख्या घरच्या डॉक्टरकडे या.

जाण्याचे ठरले, की तयारी घरीच सुरू होते. पेसमेकर असेल तर त्याचे ओळखपत्र आधी केंद्राला कळवा. आजचे अनेक पेसमेकर ठरावीक दक्षता घेऊन एमआरआयला चालतात, जुने काही चालत नाहीत. हृदयातील स्टेंट आणि मोतीबिंदूनंतरची भिंग यांची सहसा अडचण नसते, तरी सांगावे. मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली चिमटी, कानात बसवलेले श्रवणयंत्र ही माहिती न विचारता द्या. ज्यांनी आयुष्यभर वेल्डिंगचे, लेथचे किंवा बोटींच्या इंजिनांचे काम केले, त्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हेही आठवून सांगा. क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत न्या. मूत्रपिंडे फार अशक्त असतील, तर गॅडोलिनियमचे औषध द्यावे की नाही, आणि कोणते, हे तज्ज्ञ ठरवतात.

पाणी उतरवणाऱ्या गोळीविषयी विशेष सांगायचे आहे. प्रवासात लघवीला कोठे जायचे, या संकोचाने पुष्कळ आजी ती गोळी सकाळी गुपचूप टाळतात. मग दुपारी यंत्रात सपाट निजवले, की दम लागतो आणि तपासणी अर्धवट सोडून परत यावे लागते. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून बदला, वगळू नका. शक्य असल्यास आदल्या दिवशी नवी मुंबई-मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा; पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, हेही ध्यानात असू द्या. ज्यांना घरी सपाट झोपताच येत नाही, त्यांचे पाणी आधी उतरू द्या, मगच तारीख घ्या.

चित्रे घेताना “श्वास घ्या, सोडा, रोखून धरा” असे पुन्हा पुन्हा सांगतात. दर वेळी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो. आठवडाभर आधी अंथरुणावर निजून घड्याळ लावून सराव करा. नातवंडांना हे काम द्या, ती आनंदाने करतात. यंत्राचा ठोकळ्यांसारखा मोठा आवाज होतो, कानांना संरक्षण देतात, हातात घंटेचा फुगा असतो. तो दाबला की माणसे येतात. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आधीच सांगावे. ठोके फार अनियमित असतील, तर चित्रे धूसर येतात, त्यात तंत्रज्ञाचा दोष नसतो.

आणि ही सूचना रुग्णासाठी नसून, सोबत जाणाऱ्यासाठी आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसह त्याला खेचून घेतले आणि तो प्राणास मुकला. या यंत्रातील चुंबक चित्रे काढत नसतानाही सुरूच असतो. दिवे मालवलेले दिसले म्हणून खोली निर्धोक समजू नका. कोणी घाईने “आत घेऊन या” म्हटले, तरी सिलिंडर, चाकाची खुर्ची, काठी, मोबाइल, किल्ल्या घेऊन दाराच्या आत पाऊल टाकू नका. मंगळसूत्र, जोडवी, कवळी, कानातले मशीन, केसांतील आकडे आणि अंगावर चिकटवलेली औषधाची पट्टी घरूनच काढून निघा, म्हणजे तेथे आजींना सर्वांसमोर अवघडल्यासारखे होणार नाही. जोडवी वर्षानुवर्षे रुतलेली असतात. ती साबणाच्या पाण्याने आदल्या रात्री काढा.

अहवाल मिळाल्यावर केवळ शेवटच्या दोन ओळी वाचून घाबरू नका, आणि चित्रांची सीडी कपाटात टाकू नका. सीडी, जुना इको, ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत घालून ज्यांनी तपासणी सांगितली त्यांच्याकडे न्या. तोवर नेहमीची औषधे चालू ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अहवालाची वाट न पाहता फोन करा. आणि खारवलेली मासळी, लोणचे, पापड मात्र आजपासूनच ताटाबाहेर ठेवा; त्यासाठी कोणत्याही यंत्राची चिठ्ठी लागत नाही.